नवरा-बायको असल्याचा पुरावा

तलमडुगु
दि. ९ जून २०२५

आदरणीय वामनभाऊ यांस,
धाकटी बहीण तारा हिचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे धडधाकट आहोत. तुमच्याकडची खुशाली वैनी दर आठवड्याला फोनवर सांगतात, म्हणून ती विचारत नाही. तुमचा डावा गुडघा पायऱ्या उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही. उपाशीपोटी साखर एकशे साठ निघते आणि तिचा दोष तुम्ही वैनींच्या चहाला देता. डॉक्टरांनी आंबा बंद केल्यापासून तुम्ही कपाटात आंबे ठेवता आणि कपाटाला कुलूप लावता. एवढी माहिती मला पुरते. सदतीस वर्षांत तुम्ही माझ्याशी जे काही बोललात ते एका पोस्टकार्डावर मावेल (त्यातलं निम्मं 'जरा बाजूला हो, गाडी काढतो' हे आहे), तेव्हा उत्तराच्या आशेनं मी लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मी मुलांना पत्रलेखन शिकवलं, पत्राचं कारण पहिल्या परिच्छेदात यावं असं फळ्यावर लिहून दिलं. आज माझेच मार्क कापा. कारण आहे, पण ते येईल तेव्हा येईल.

आमची प्रीती कॅनडात नर्स आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. (पोरीला नर्सिंगला घालू नका, असा निरोप तुम्हीच वैनींमार्फत धाडला होता. तिच्या पहिल्या पगाराचे पेढेही वैनींमार्फतच तुमच्याकडे आले आणि ते तुम्ही परत पाठवल्याचं ऐकिवात नाही.) तिला दिवाळीच्या सुमारास मूल होईल. गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात काय झालं ते तुम्हाला कळलं असेल. जावई कामावर होता, ती घरात एकटी होती, आणि मी इथं फोन कानाला लावून 'पेज पी बाई, पडून राहा' एवढंच म्हणत बसले. या खेपेला मला तिथं असायचं आहे. या अख्ख्या पत्रात एवढी एक गोष्ट मी टोमणा न मारता लिहीत आहे, तेव्हा ती दोनदा वाचा.

प्रीती म्हणाली, "आई, रविवारी सुट्टी आहे, काय काय कागद लागतात त्याची यादी पाठवते." एवढ्यावर थांबलो असतो तर आज तुम्हाला शांतपणे पेपर वाचता आला असता. पण यांनी (म्हणजे दौलतनं, बायकोनं नाव घेऊ नये म्हणतात, पण तुम्ही सदतीस वर्षांत एकदाही घेतलं नाहीत, तर कुणीतरी घ्यायला हवं) फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "पोरीले काऊन तरास देतं? बत्तीस वर्षं तहसिलीत कागदंच त सांभाळले मी. मी पाहून राह्यलो ना." अटेंडर म्हणजे शिपाई म्हणून लागलेला माणूस सीनियर असिस्टंट होऊन रिटायर झाला की त्याला वाटतं, जगातलं प्रत्येक सरकार हे आपल्याच तहसिलीचं एक्स्टेन्शन आहे.

फोनमध्ये आपण काही शोधतो ती सर्चवाली कंपनी तुम्ही वापरता की नाही, ठाऊक नाही. (वैनी म्हणतात, तुम्ही रोज सकाळी तिला 'गुडघा आणि आंबा' असं विचारता.) पूर्वी ही कंपनी नुसता पत्ता सांगायची. अमुक वस्तू तमुक दुकानात मिळते, जा बाबा, घे. आता तिनं स्वतःच दुकान टाकलंय. काहीही शोधा, खाली माल मांडलेला असतो आणि शेजारी 'मागवा' असं बटण. पटवाऱ्यानंच सातबारा सांगता सांगता स्वतःच्या जमिनी विकायला काढाव्या, तशातला प्रकार. पण हे यांना कोण सांगणार? तहसिलीत 'नकल मागवणे' म्हणजे जुन्या कागदाची प्रत दफ्तरातून काढवून घेणे. यांनी फोनला विचारलं, "कॅनडाले नवरा-बायकोनं जायाचं असन त कोनकोनते कागदं लागते?" फोननं तत्परतेनं तेवीस कागदांची यादी दिली. मग हे एकेक कागद शोधत गेले, खाली 'मागवा' दिसलं की दाबत गेले, आणि संध्याकाळी मला म्हणाले, "निम्म्या नकला मागवल्या बी. पाह्य, घरबसल्या." कार्डाचा नंबर प्रीतीनं कधीतरी औषधांसाठी फोनमध्ये भरून ठेवला होता, त्यामुळे कंपनीला काहीच अडचण आली नाही.

आठ दिवसांनी नकला येऊ लागल्या. आमच्याकडे घरपोच म्हणजे रविकांतच्या किराणा दुकानापोच, म्हणजेच गावापोच. 'बर्थ सर्टिफिकेट'च्या शोधातून आले पन्नास फुगे आणि सोनेरी अक्षरांची एक माळ, 'हॅपी बर्थडे'ची. 'पोलीस क्लिअरन्स' शोधल्यावर कंपनीला फक्त 'क्लिअरन्स' समजलं असावं, कारण सेलमधला एक पोलिसाचा ड्रेस आला, शिट्टी आणि टोपीसकट, वय वर्षे सहा ते आठ. 'मॅरेज प्रूफ'वर तर कमाल झाली. वीस बाय तीसची वॉटरप्रूफ ताडपत्री आली, लग्नाच्या मांडवावर टाकायची. ती आणायला रविकांतला ऑटो करावा लागला. तो ओट्यावर उतरवताना म्हणाला, "मामी, लगन कोनाचं हाय?" मी म्हटलं, "माझंच. सदतीस वर्षांपूर्वीचं." तो हसला नाही. (रविकांत उधारीवालं गिऱ्हाईक सोडून कशालाच हसत नाही.) परत पाठवायला यांनी कंपनीलाच विचारलं, तर तिनं सांगितलं, तुमच्या गावातून माल उचलण्याची सोय लवकरच सुरू होईल, तोवर या वस्तूंबरोबर लोक आणखी काय घेतात ते पाहा. यांनी पाहिलं. म्हणून आज आमच्याकडे लोकरीचे दोन पायमोजेही आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना ते हातात धरून बसलेला माणूस मी पाहिला आहे, तेव्हा जगात पाहायचं आता फारसं उरलेलं नाही.

मग गाडी खऱ्या कागदांवर आली. यांच्या शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत 'दौलत' साधा आहे. नोकरीच्या कागदांवर तेलुगु वळणानं त ला एक एच जोडलेला आहे. पासपोर्ट एचसकट. म्हणजे कॅनडाच्या दृष्टीनं शाळेत गेला तो एक दौलत आणि माझ्याशी संसार केला तो दुसरा. दोघे एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करायला आम्ही आदिलाबादला कोर्टासमोर बसणाऱ्या एका नोटरीकडे गेलो. ते मान वर न करता म्हणाले, "दोनों आदमी हाजिर हैं क्या?" हे म्हणाले, "जी, दोनों आए हैं." खरं उत्तर होतं ते, पण नोटरींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तिथंच बाकावर आमच्या गावचे उद्धवराव बसले होते. जमिनीच्या पासबुकात नावाला एक काना जास्त पडला म्हणून यांनी त्यांना एकदा चार खेपा घालायला लावल्या होत्या. उद्धवरावांनी सगळा प्रकार ऐकून घेतला, तंबाखू चोळली आणि फार प्रेमानं विचारलं, "मंग काऊन दौलतराव, उद्या या म्हनलं का?" घरी येताना बसमध्ये हे म्हणाले, "त्या मानसाले चार नाई, पाच खेपा झाल्या होत्या. एक मी मोजली नोती." निवृत्तीच्या वेळी सत्कारात यांच्याबद्दल जेवढं बोललं गेलं, त्यात एवढं खरं वाक्य एकही नव्हतं.

यादीत पुढचं कलम असं: दोघांचे संबंध खरे असल्याचा पुरावा, जसे की एकमेकांना लिहिलेली पत्रं. भाऊ, तुम्ही ज्या माणसाला 'गोडबोल्या' म्हणालात (१९८८ साली, आईसमोर, हातात तांब्या असताना), त्यानं मला उभ्या आयुष्यात एक चिठ्ठी लिहिली आहे. निवडणुकीच्या ड्यूटीवर नार्नूरला गेले होते, तिथून येणाऱ्या माणसाच्या हाती दिलेली. मजकूर पूर्ण देते: 'जवारी दळून ठेव. शुक्रवारी येतो. दौलत.' ती मी का ठेवली होती, हे मला विचारू नका. यांनीही विचारलं नाही. तिचं इंग्रजी भाषांतर हवं होतं, म्हणून मी माझ्या जुन्या विद्यार्थ्याकडे, अमरदीपकडे गेले. तो आता इंग्रजीचा मास्तर आहे. त्यानं चिठ्ठी उलटसुलट केली आणि म्हणाला, "मॅडम, याच्यात प्रेम कुठून आणू?" मी म्हटलं, जे आहे तेवढंच कर. बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे केलं, पण जवारीच्या आधी स्वतःच्या पदरचं एक 'डिअर' घातलं. मी ते खोडायला लावलं. खोटा पुरावा नको.

आणि मग एकविसावं कलम आलं. लग्नाला हजर असलेल्या दोन माणसांचे लेखी जबाब, एक वराकडचा, एक वधूकडचा. आणि लग्नाचे फोटो. यांच्याकडून यांच्या बहिणीनं, सखूबाईनं, अंगठा दिला. आमच्याकडचं कोण? आई गेली, बाबा गेले, काका गेले. राहता राहिलात तुम्ही. आणि तुम्ही आला नव्हता, हे आदिलाबादपासून तुमच्या भैंशापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही माझ्यासाठी यवतमाळचा बँकेतला मुलगा पाहून ठेवला होता आणि मी रोजंदारीवरच्या अटेंडरचं नाव सांगितलं. तुम्ही म्हणालात, त्याच्या मांडवात मी पाय ठेवणार नाही, आणि लग्नाच्या दिवशी सकाळीच सायकल काढून निघून गेलात. मी हार घालताना दाराकडे पाहत होते. बुद्धवंदना चालू असतानाही पाहत होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच, तुम्ही आला नाहीत.

लग्नाचा फोटो एकच. तोही पेटीत राहून कडेनं डागाळलेला. आमचे दोघांचे चेहरे तेवढे शाबूत. म्हणून आदिलाबादला एका स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्यानं तो मशीनवर चढवून पडद्यावर मोठा केला आणि डाग पुसत पुसत फोटोतल्या मागच्या भागाकडे सरकत गेला. आमच्या मागं मांडवाचा खांब. खांबाच्या मागं पंगत उठलेली दिसते. आणि खांबाला अर्धा लपून एक माणूस उभा आहे, हातात पत्रावळ, गाल फुगलेला. चौकड्यांचा शर्ट. तो शर्ट मी धुतलेला आहे, भाऊ, माझ्या कॉलेजची दोन वर्षं, दर रविवारी. त्याचं वरचं बटण निराळ्या रंगाचं आहे, कारण ते मीच लावलं होतं. स्टुडिओवाला म्हणाला, "मॅडम, ये पीछेवाला आदमी निकाल दूँ? फोटो साफ दिखेगा." मी म्हटलं, "हात लावू नको." मराठीतच म्हटलं, पण त्याला समजलं.

यांना म्हटलं, "पाहिलं का हो, कोण आहे?" हे पडद्याकडे न बघताच म्हणाले, "मले माईत हाय."

"कधीपासून?"

"तवापासूनच. मीच वाढप्याले सांगतलं होतं, खांबामागं जो मानूस हाय त्याले बुंदी जास्त वाढ."

मी विचारलं, मग सदतीस वर्षं मला का सांगितलं नाही. त्यावर हे पासपोर्टची पिशवी सारखी करत बसले. मग म्हणाले, "तू सांगतली असती सगळ्याले. त्यायनं शबूद देल्ला होता, नाई येत म्हून. लोकं हासले असते त्यायले." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "उपाशी नाई गेले, एवढं बस होतं मले."

यांनी बाबांना सांगितलं नाही, आईला नाही, मला नाही. दर जयंतीला तुम्ही समोरून मान फिरवून जायचात आणि हा माणूस हात जोडून बाजूला व्हायचा. मला वाटायचं, याला स्वाभिमान कसा नाही. त्याच्याकडे दोघांचा सांभाळायला होता, म्हणून जरा कमी दिसत असेल. तुम्ही ज्याला अटेंडर म्हणून नाकारलंत, त्यानं तुमची ही एक मिसल इतकी वर्षं बंद ठेवली; तहसिलीतली एकही फाईल यांनी इतकी नीट ठेवल्याचं मला आठवत नाही.

मी रागावले आहे असं समजू नका. दोन दिवस होते. पहिल्या दिवशी तुमच्यावर, दुसऱ्या दिवशी यांच्यावर. तिसऱ्या दिवशी कापसाच्या पेरणीला, पऱ्हाटीची सरकी टोबायला बायका आल्या आणि वेळ मिळाला नाही. हा सगळा मजकूर केवळ तुमच्या माहितीसाठी कळवला आहे. मला तुमच्याकडून काहीही नको. वैनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, आणि कपाटातला आंबा जपून.

तुमची,
तारा

ता. क. — सोबत एक कागद जोडला आहे. वधूकडचा साक्षीदार म्हणून तुमचा जबाब आहे, मीच लिहिला आहे: 'मी वधूचा सख्खा भाऊ असून सदर विवाहास समक्ष हजर होतो.' याहून जास्त एक शब्द त्यात नाही. कुठं उभा होतात, काय खात होतात, याचा उल्लेख नाही. खाली पेन्सिलीनं फुली केली आहे, तिथं सही करायची. फोटोची प्रतही आहे. वैनींना दाखवायची की नाही ते तुमच्यावर सोडते. माझ्याकडून त्यांना अजून कळलेलं नाही, आणि माझ्यासाठी ही गोष्ट किती अवघड आहे ते तुम्ही समजू शकता.

ता. क. २ — (दि. १० जून, सकाळी.) पाकीट टपालात टाकायच्या आधीच प्रीतीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. तिनं ती यादी मागवून वाचली. मग म्हणाली, "आई, ही यादी कॅनडातल्या बायकोनं नवऱ्याला कायमचं बोलावून घ्यायची आहे. तुम्ही मला भेटायला येताय ना? त्याला ही कागदं लागत नाहीत." तिचं निमंत्रणाचं पत्र, तिचा जन्माचा दाखला, पासपोर्ट, विमा, दवाखान्याची तपासणी, एवढंच मुख्यतः. त्यातलं बहुतेक सगळं आधीच आमच्याकडे होतं. म्हणजे अडीच महिने आम्ही दोघांनी मिळून, आम्ही नवरा-बायको आहोत हे ज्या सरकारला सिद्ध करून दाखवलं, त्यानं ते विचारलेलंच नव्हतं. यांचा चेहरा मी पाहिला नाही. हे लगेच गोठ्याकडे गेले. थोडक्यात, तुमच्या सहीची गरज उरलेली नाही.

ता. क. ३ — कागद पाकिटातून काढून घ्यावा म्हणून बसले होते, तो काढलेला नाही. सही करून आणा, न करता आणा, विसरून या. आमचा अर्ज गेला की दोन महिन्यांत निघावं लागेल, आणि तिथून परत येऊ तेव्हा तुम्ही सत्तरी ओलांडलेली असेल. येत्या रविवारी भैंशाहून सकाळची बस पकडलीत तर दुपारपर्यंत आदिलाबादला उतराल. तिथून पुढं आणायला हे स्कूटर घेऊन स्टँडवर उभे असतील. मी सांगितलेलं नाही, स्वतःच म्हणाले. हे बोलणार नाहीत, तुम्हीही बोलू नका, गुमान मागं बसा. फक्त एक कळवून ठेवते, स्कूटरचा हॉर्न बिघडलाय. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, तर दोघांपैकी एकाला तोंड उघडावं लागेल.